बाहेरचा हात

सातपाटीत पुंडलिकचं घर विचारलं, की लोक अजून हात करून सांगतात, "होडीवाला ना? ते बोंबील वाळत घातलेत, त्याच्यामागं." यातली गंमत अशी, की होडीवाल्याने शेवटची होडी बांधली त्याला एक जमाना झाला. लाकडाच्या जागी फायबर आलं, आणि फळ्या तासायचा वाकस, बाप-आजापासून चालत आलेला, खुंटीला लागला. पुंडलिक आता सोसायटीच्या बर्फाच्या कारखान्यात लाद्या फोडतो. काय करता असं कोणी विचारलं, तर सांगतो, "सध्या बरफावर हाय." त्या 'सध्या'वर कित्येक पावसाळे गेले, पण तो शब्द काढून टाकायला गडी तयार नाही. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात, ते खोटं नव्हे.

माणूस तसा गरीब. कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. पण लाकडाचा विषय निघाला, की त्याच्या अंगात यायचं. त्याच्या घराण्याची एक रीत होती. होडी बांधून झाली, की मालकाने नारळ फोडायच्या आधी बांधणाऱ्याने तिला तेल पाजायचं. तेल मुशीच्या, म्हणजे शार्क माशाच्या, काळजाचं, आणि तेही ब्रशने नाही, फडक्याने नाही, उघड्या तळहाताने, पुढच्या नाळेपासून मागच्या टोकापर्यंत. ते होईस्तोवर मालकानेही होडीला बोट लावायचं नाही. "कोरडं लाकूड घराभायेर काढायचं म्हंजे लेकीला उपाशी सासरी धाडायचं," असं पुंडलिकचा बाप म्हणायचा, आणि पुंडलिकही तेच म्हणायचा. शेवटच्या होडीचं उरलेलं तेल त्याने एका बाटलीत भरून देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात ठेवलं होतं. बायको, चंद्रकांता, दर दिवाळीला साफसफाई करताना ती बाटली बाहेर काढायची आणि दर दिवाळीला तो ती परत आत ठेवायचा.

अशा घरात लेक हिमानी एके दिवशी लाकूड घेऊन आली.

हिमानी बोईसरकडच्या एका कॉलेजात सिव्हिलच्या डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होती. तिने पिशवीतून बारीक, पांढुरक्या काड्यांचा जुडगा काढला आणि त्यातली एक बापाच्या हातावर ठेवली. पुंडलिकने ती उचलली, तर हातात काही आहे असंच वाटेना. त्याने ती नाकाला लावली, नखाने टोकरली आणि हसत सुटला.

"हे लाकूड हाय की पापड?"

"बाल्सा हाय, बाबा. याची बिल्डिंग बांधायचीय. मजल्यांवर वजनं ठेवतात आणि टेबल हलवतात, भूकंपात हलतं तसं. जी शेवटपर्यंत उभी राहील आणि वजनाला हलकी असंल, ती जिंकली."

डहाणू-तलासरीकडची जमीन हलायला लागली, तेव्हापासून या भागात भूकंप हा काही पुस्तकातला धडा राहिलेला नाही. हिमानीची मंदामावशी डहाणूकडे दिलेली. तिच्या घराच्या भिंतीला उभी चीर गेली, तेव्हा शाळकरी हिमानी तिकडेच होती. थंडीत सगळे अंगणात प्लास्टिकचा कागद बांधून झोपायचे. मावशी म्हणायची, "घर हाय, पन घरात जायची भीती वाटते." ते पोरीच्या मनात जे रुतलं ते रुतलंच. आता या स्पर्धेत जिंकणाऱ्या संघाला पुण्याच्या एका मोठ्या संस्थेत उन्हाळाभर राहून भूकंपात टिकणाऱ्या घरांचं काम शिकायला मिळणार होतं. घ्यायचे ते शेवटच्या वर्षाचेच विद्यार्थी. म्हणजे हिमानीला ही संधी एकदाच, पुन्हा नाही. संघात ती आणि जवळच्या पाम गावचा निमेश, दोघंच.

त्या संध्याकाळी तिने नियम मोठ्याने वाचून दाखवले. बिल्डिंग इतकीच उंच, तळ इतकाच रुंद, काडी इतकीच जाड, वजन इतकंच. बांधायला दिलेल्या लाकडाशिवाय आणि डिंकाशिवाय दुसरं काही वापरायचं नाही. खिडक्यांची जागा मोकळी सोडायची, नाहीतर माणसं राहणार कशी? पुंडलिक मान डोलावत होता. हे सगळं त्याला पटण्यासारखं होतं. मग सातवा नियम आला. "स्पर्धकांखेरीज बाहेरच्या कोणाचाही हात मॉडेलला लागता कामा नये. लागल्यास संघ बाद."

"ऐकलं का?" चुलीपुढून चंद्रकांता म्हणाली. "तुमचंच नाव घेतलंय, फक्त लिवलं नाय."

सगळे हसले. पुंडलिकने दोन्ही हात काखेत घातले आणि म्हणाला, "हे बघ बाय, कुलूप लावलं." पुढे आणखी नियम होते, पण तेवढ्यात चंद्रकांताने ताटं मांडली आणि वाचन तिथंच थांबलं. ते थांबायला नको होतं.

नंतर किती आठवडे तरी हे घर त्या काड्यांभोवती फिरत होतं. निमेश सुट्टीला पामहून यायचा. दोघं जमिनीवर पालथी पडून काडीला काडी जोडायची, आणि पुंडलिक उंबऱ्यावर हात काखेत घालून बसायचा. कधी एखादा सांधा त्याला तिरपा वाटायचा. तो घसा खाकरायचा. हिमानी मान वर न करता म्हणायची, "बाबा, हात नाय आणि तोंड पण नाय." मग तो उठून समुद्राकडे एक चक्कर मारून यायचा. त्याला राग नव्हता. खरं सांगायचं तर त्याला सुख होतं. कित्येक वर्षांनी त्या घरात भुसा पडत होता, आणि चंद्रकांताने तो केरात काढला, की त्याला उगाच हळहळ वाटायची.

सुख होतं तसं एक दुखणंही होतं. पोरीच्या आयुष्यातलं पहिलं बांधकाम, तेही लाकडाचं, आणि त्यात बापाचं काहीच नाही. तिच्या फीपासून डब्यापर्यंत सगळं चंद्रकांताच्या मासळीच्या पाटीवर चाललेलं. बर्फ फोडणाऱ्याच्या हातात पोरीला देण्यासारखं एकच होतं, ते ज्ञान, आणि त्यालाच नेमकी बंदी. नियम तो नियम.

मॉडेल तयार झालं. शुक्रवारी कॉलेजात वजन केलं, तर मर्यादेच्या अगदी काठावर, पण आत. निमेश नाचलाच. हिमानीला मात्र नवी काळजी लागली. "बाबा, आपल्याकडची हवा किती ओली! हे लाकूड ओल पितं. वजन वाढलं तर गेलं सगळं." निमेशचे वडील तारापूरला औषधांच्या कारखान्यात कामाला. त्यांनी ओल शोषणाऱ्या गोळ्यांच्या पुड्या आणून दिल्या. मॉडेल मऊ कापडात गुंडाळून, पुड्यांसकट, खोक्यात बंद झालं. "रविवारी हॉलमध्येच उघडायचं," हिमानीने बजावलं. तरी जाता-येता ती खोक्याला हात लावून बघायची, आणि खारा वारा सुटला, की खिडकी लावून घ्यायची. रात्री ताटावर बसली, पण धड जेवली नाही.

लेक जेवली नाही हे बापाने पाहिलं. इथून पुढचं जे घडलं, ते त्या एका न जेवण्यातून घडलं.

शनिवारी दुपारी हिमानी निमेशकडे राहिलेली कागदपत्रं करायला गेली होती. चंद्रकांता बाजारात. पुंडलिक घरी एकटा, समोर खोकं. ओल! अरे, ओल म्हणजे त्याच्या घराण्याचा जन्माचा वैरी. पोरीला औषधाच्या पुड्या लागतात, आणि ओलीवरचं औषध देव्हाऱ्याखाली पडून आहे. आपण हिला सांगितलंच कसं नाही? आता तिला विचारावं, तर ती घरी नाही, आणि आली की काळजीने अर्धी झालेली असणार. सातवा नियम त्याला आठवला नाही असं नाही. आठवला. पण तो नियम बांधण्यापुरता होता. बांधून तर झालं! तेल लावणं म्हणजे का बांधणं? होडी बांधली तेलाने असं जगात कोणी म्हणतं का? उलट तेल लावल्याशिवाय ती बांधून झाली असंच म्हणत नाहीत.

त्याने खोकं उघडलं. कापडाच्या घड्या कशा आहेत ते नीट लक्षात ठेवलं. मॉडेल पाटावर ठेवलं. मग बाटली काढली, तळहातावर चार थेंब घेतले आणि एका खांबावरून बोट फिरवलं. लाकडाने ते तेल क्षणात ओढून घेतलं. "तहानलंय गं," तो पुटपुटला. सागाने असं कधी केलं नव्हतं. त्याने आणखी थेंब घेतले. मजल्यामागून मजला, खांबामागून खांब, कुठे जोर न देता, पाळण्यातल्या पोराला चोळावं तसं त्याने सगळ्या बिल्डिंगला तेल पाजलं. डोळ्यांत आलेलं पाणी त्याने दंडाला पुसलं. मग सगळं होतं तसं, घडीला घडी जुळवून, परत खोक्यात.

मुशीच्या तेलाचा वास काय साधा असतो? दुसऱ्या कुठल्या घरात तो पोरीला दारातच कळला असता. पण सातपाटीत, बोंबलांच्या काठ्यांमागच्या घरात, चंद्रकांताची पाटी नुकतीच आत आलेली असताना, कोण कशाचा वास घेणार? हिमानी आली, खोक्याला हात लावून बघितलं, आणि झोपली. त्या रात्री बापही गाढ झोपला.

पालघरच्या ज्या कॉलेजात स्पर्धा होती, त्याचा हॉल गार, बंद खिडक्यांचा. पालकांना मागे खुर्च्या होत्या. पुंडलिक इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेतच बसला. परीक्षक दीपाली मॅडम एकेक मॉडेल काट्यावर ठेवायच्या आणि मायकवर वजन सांगायच्या. बोलणं हळू, चेहरा हसरा, पण पट्टी धरली की इकडची रेघ तिकडे जाऊ द्यायच्या नाहीत.

हिमानीने खोकं उघडलं, कापड सोडलं, आणि तो वास गार हॉलभर पसरला. मागून कोणीतरी हसलं, "सातपाटी आली!" हिमानी खाली वाकलेली, तशीच थांबली. पांढुरकं लाकूड पिवळट झालं होतं. तिने मॉडेल काट्यावर ठेवलं. वजन मर्यादेच्या बरंच वर गेलं.

"मॅडम, काटा बिघडलाय," निमेश म्हणाला. "शुक्रवारी आत भरलं होतं."

काटा बिघडला नव्हता. मॅडमनी एका खांबावरून बोट फिरवलं आणि बोटाचा वास घेतला. "तेल आहे. हे बघा, लाकडाला काही लेप दिला असेल तर नवव्या नियमाने गुण कापले जातात. जास्तीच्या वजनाचेही कापले जातील. पण मॉडेल टेबलावर चढेल. बाकी चांगलं निघालं तर अजून काही बिघडलेलं नाही. तेल कोणी लावलं?"

त्या संध्याकाळी ताटं मांडल्यामुळे वाचायचा राहिलेला नियम तो हा. पुंडलिकने तो आत्ता पहिल्यांदा ऐकला, आणि ऐकला म्हणजे कानावर पडला एवढंच. त्याच्या डोक्यात घण पडत होते. वजन वाढलं. माझ्या तेलाने वाढलं.

हिमानीने मागे वळून पाहिलं नाही. या वासाच्या हातांनीच तिला लहानपणी खांद्यावर बसवून बंदरावर नेलेलं होतं; तिला विचार करायची गरज नव्हती.

"मी लावलं," ती म्हणाली.

निमेशने तिच्याकडे असं बघितलं, की बघवेना.

"का?" मॅडमनी विचारलं.

"ओल लागू नये म्हणून."

म्हणजे तिला सगळं कळलं होतं. कोणी लावलं तेही, आणि का लावलं तेही. मॅडमनी मान डोलावली आणि पेन उचललं. आणखी एवढं लिहून झालं असतं, की मॉडेल टेबलावर गेलं असतं.

पण पुंडलिकची हयात एका गोष्टीवर गेलेली. त्याने बांधलेली एक होडी पहिल्याच फेरीला पाणी घ्यायला लागली होती, तेव्हा सगळ्या बंदरासमोर तो म्हणाला होता, "चूक माझी, माझ्या माणसांची नाय." आपलं पाप दुसऱ्याच्या डोक्यावर त्याने कधी घातलं नव्हतं, आणि इथं ते पोटच्या पोरीच्या डोक्यावर चाललेलं, भर सभेत, दोस्तासमोर. तो उभा राहिला.

"मॅडम, थांबा."

मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं, मग हिमानीच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि त्या घाईघाईने म्हणाल्या, "काका, तुम्ही बसा. विद्यार्थिनीने उत्तर दिलंय."

"नाय मॅडम, पोर खोटं बोलते. मला वाचवायला बोलते."

"काका, बसा म्हणते ना!"

"तिला कायबी ठाऊक नाय. ती घरात नव्हती. तेल मी लावलं. या हातांनी लावलं." आणि त्याने दोन्ही हात वर करून दाखवले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला.

हिमानीने डोळे मिटून घेतले. मग शेजारच्या टेबलावरचे दुसऱ्या कॉलेजचे सर अवघडून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मॅडम, नियम सात."

मॅडमनी चष्मा काढून ठेवला. "काका," त्या म्हणाल्या, "तुम्ही बसायला हवं होतं. तेलाचे गुण कापले असते. बाहेरचा हात लागला, तर मात्र गुण कापून भागत नाही. संघ बाद होतो."

तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं. पोरीने खोटं बोलून दार अर्धं उघडं ठेवलं होतं, आणि खरं बोलून त्याने ते लावून टाकलं. करायला गेला गणपती आणि झाला मारुती, एकदा नाही, दोनदा.

"मंग मी बोललोच नाय असं धरा," तो म्हणाला. "मॅडम, मी येडा हाय. माझं पुसून टाका. पोरीनंच लावलं."

कोणीतरी हसलं, पण लगेच थांबलं. मॅडमनी चष्मा परत लावला. त्यांनाही काही करता येत नव्हतं. सगळ्या हॉलने ऐकलं होतं.

मग टेबल हललं, आणि बाकीच्यांच्या बिल्डिंगी एकेक करून त्याच्यावर चढल्या. कोणाची कडाडून मोडली, कोणाची तिरपी होऊन राहिली, एक उभी राहिली. टाळ्या झाल्या. हिमानीची बाकावर बाजूला ठेवलेली होती. ती टिकली असती की पडली असती, हे आता कोणालाच कधी कळणार नव्हतं, आणि पुंडलिकला त्याचंच सगळ्यात वाईट वाटत होतं. निमेश जाताना त्याच्यासमोर क्षणभर थांबला. काहीतरी बोलायचं त्याच्या मनात होतं. मग "येतो, काका," एवढंच म्हणून वडिलांच्या स्कूटरवर बसून पामला गेला. हिमानीला त्याने काहीच म्हटलं नाही.

सातपाटीची एसटी लागलेली होती. हिमानी खिडकीशी बसली, मॉडेल उघडंच मांडीवर. खोकं तिने हॉलमध्येच टाकून दिलं होतं. पुंडलिक शेजारी, हात काखेत.

"बाय, मला वाटलं..."

"कळलं, बाबा."

"तू जेवली नव्हतीस..."

"कळलं म्हटलं ना."

तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. चार शिव्या दिल्या असत्या, रडली असती, तर त्याला तिच्या डोक्यावरून हात तरी फिरवता आला असता. आता तो हात कुठे ठेवायचा हेच त्याला समजत नव्हतं.

शिरगावला बस भरली. रिकामी पाटी घेऊन एक म्हातारी चढली आणि त्यांच्या सीटला टेकून उभी राहिली. हिमानी उठली आणि तिला जागा दिली. आता एका हाताने वरचा दांडा धरायचा, तर मॉडेल एका हातात मावेना. तिने ते बापापुढे धरलं.

"धरा."

पुंडलिकने हात काढलेच नाहीत. इतक्या आठवड्यांची सवय.

"धरा, बाबा," हिमानी म्हणाली. "आता तुमचा हात लागला तरी चालतो."

त्याने दोन्ही हात पुढे केले आणि ते घेतलं. एवढं तेल पिऊनही ते इतकं हलकं होतं, की हातात काही आहे असंच वाटेना. खड्ड्यात बस आदळली, की मजले जरा डुलायचे आणि पुन्हा सरळ व्हायचे. त्याला ते पोरीला दाखवायचं होतं. पण ती दांडा धरून खिडकीबाहेर बघत होती, आणि तिला हाक मारायची त्याची हिंमत झाली नाही.